मधला स्लॅब

“खाली मस्त चालतं, वर येतच नाही.” दुमजली बंगला, रो-हाउस, गावाकडचं नवं आरसीसी घर, कुठेही जा, इंटरनेटबद्दल विचारलं की हे वाक्य कानावर पडतं. त्यावरचा इलाजही ठरलेला. केबलवाल्याला फोन जातो. तो म्हणतो, “काका, तुमचा पन्नासचा प्लॅन आहे, शंभरचा घ्या.” शंभरचा घेतला जातो. मग खाली आणखी मस्त चालतं, आणि वर येतच नाही.

ही पुस्तिका लिहावीशी वाटली ती या संवादामुळे. प्लॅनचा संबंध रस्त्यावरच्या खांबापासून घराच्या उंबऱ्यापर्यंत. उंबऱ्याच्या आत जे काही आहे, म्हणजे राउटरपासून वरच्या खोलीतल्या टेबलापर्यंतचं सगळं, ते घराचं. त्याची रचना घरातल्याच कुणीतरी करायची असते आणि बहुतेक घरांत ती कुणीच केलेली नसते. जोडणी करायला आलेला मुलगा फायबर जिथून आत आली तिथेच, टीव्हीच्या मागे, राउटर ठेवून जातो आणि तीच त्या घराची कायमची रचना होऊन बसते.

इंटरनेट आणि घरातलं जाळं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे एकदा नीट पटलं की पुढचं बरंच सोपं होतं. रस्ता खणताना फायबर तुटली, दोन दिवस इंटरनेट बंद आहे, असं समजा. राउटर मात्र चालू आहे. अशा वेळीही खालच्या संगणकातले फोटो वरच्या संगणकावर बघता येतात, वरून पाठवलेलं पान खालच्या प्रिंटरवर छापता येतं, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर घरातच असेल तर फाटकाशी कोण उभं आहे तेही दिसतं. यातलं काहीच रस्त्यावर जात नाही. ते घरातल्या घरात फिरतं.

आता थोडा हिशेब. लग्नाचं चित्रीकरण करणारे हल्ली ४० जीबीच्या फाइली सहज हातात देतात. फाइल बाइटमध्ये मोजतात, जाळ्याचा वेग बिटमध्ये, आणि एका बाइटचे बिट आठ. तेव्हा १०० एमबीपीएसच्या वेगानं ही फाइल खालून वर जायला, सगळं सुरळीत असलं तरी, पाऊण तासाहून अधिक, जवळजवळ ५३ मिनिटं लागणार. १ जीबीपीएसच्या तारेवरून साडेपाच मिनिटं पुरतात. आणि स्लॅब ओलांडून कशाबशा पोचलेल्या २० एमबीपीएसच्या लहरींवरून तब्बल साडेचार तास. प्लॅन शंभरचा असो की पाचशेचा, या आकड्यांत फरक पडत नाही, कारण फाइल उंबऱ्याबाहेर पाऊलच टाकत नाही.

पूर्वी हा प्रश्न नव्हता. १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्य भारतीयांसाठी इंटरनेट खुलं झालं, त्यानंतरची कितीतरी वर्षं घरात संगणक एकच असायचा आणि त्याची जागा टेलिफोनच्या शेजारी असायची. वरच्या मजल्यावरून कुणी आलंच तर जिना उतरून यायचं आणि आपली पाळी येईपर्यंत थांबायचं. मार्च २०२०मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा पहिल्यांदा असं झालं, की एकाच वेळी खाली बाबांची मीटिंग, वर मुलीचा वर्ग आणि मधल्या खोलीत आजोबांचा व्हिडिओ कॉल चालू झाला. तोवर घराघरांत जाळं होतं, पण त्याच्यावर भार पडलेला नव्हता. भार पडला आणि मधला स्लॅब सगळ्यांना दिसला.

बिनतारी जाळ्याची मूळ कल्पना मजल्यांसाठी जन्मलीच नव्हती. ती बेटांसाठी होती. १९७१ साली हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या बेटांवरून ओआहू बेटावरच्या विद्यापीठातला मोठा संगणक वापरता यावा म्हणून रेडिओची जोडणी केली. तिचं नाव अलोहानेट. सगळ्यांनी एकाच वाहिनीवरून पाठवायचं, दोघांचं एकाच वेळी झालं तर दोघांचंही वाया जाणार हे गृहीत धरायचं, पोच मिळाली नाही तर थोडं थांबून पुन्हा पाठवायचं. इतका साधा, जवळजवळ बेशिस्त वाटावा असा नियम. याच विचाराचा धागा धरून रॉबर्ट मेटकाफ यांनी १९७३मध्ये झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात इथरनेट योजलं, आणि ते तारेचं होतं. म्हणजे तारेच्या जाळ्यानं एक कल्पना हवेतून उचलली. पुढे बिनतारी जाळं पुन्हा हवेत आलं, तेव्हा त्यात ‘आधी ऐका, हवा मोकळी असेल तरच बोला’ ही शिस्त मिळवलेली होती. टीव्हीमागचा आपला राउटर आजही तेच करतो.

त्याला बोलायला जागा मिळाली ती एका सरकारी निर्णयानं. १९८५ साली अमेरिकेच्या दूरसंचार आयोगानं मायक्रोवेव्ह भट्ट्या आणि औद्योगिक-वैद्यकीय उपकरणं ज्या लहरीपट्ट्यांत गोंधळ घालत असत ते पट्टे परवान्याविना दळणवळणासाठी खुले केले. टाकाऊ मानलेली जागा होती ती. १९९७मध्ये तिथे वापरायचं पहिलं प्रमाण ठरलं, ८०२.११, वेग जास्तीत जास्त २ एमबीपीएस. दोन वर्षांनी तो ११वर गेला आणि बाजारात वाय-फाय हे नाव आलं. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा घराबाहेरही परवान्याविना वापरायला मोकळा झाला तो जानेवारी २००५मध्ये. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याचा मोठा भाग ऑक्टोबर २०१८मध्ये. परवाना लागत नाही याचा दुसरा अर्थ असा, की त्या जागेवर कुणाचाच हक्क नाही. शेजाऱ्याचा राउटर, स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह, ब्लूटूथचे हेडफोन, सगळे तिथेच. तक्रार करायला कार्यालय नाही. आणि गोंधळ आवरता राहावा म्हणून प्रत्येकाच्या आवाजाला कायद्यानं मर्यादा. घरचा राउटर वॉटच्या लहानशा अंशावर बोलतो. तेवढ्या शक्तीनं त्याला भिंती आणि स्लॅब ओलांडायचे असतात.

लहरी भिंतीपलीकडे जातात हे आपल्याकडे फार आधी दाखवून झालेलं आहे. १८९५च्या सुमारास कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये जगदीशचंद्र बोस यांनी भिंतींपलीकडे विद्युतचुंबकीय लहरी पाठवून घंटा वाजवली होती. जातात का, हा प्रश्न तेव्हाच मिटला. किती उरतात, हा आपला प्रश्न आहे.

हे मोजायचं माप डेसिबल. त्याला घाबरायचं कारण नाही. तीनच गोष्टी लक्षात ठेवल्या की काम भागतं. ३ डेसिबलची घट म्हणजे शक्ती निम्मी, १० म्हणजे दहावा भाग, २० म्हणजे शंभरावा. लाकडी दार दोन-चार डेसिबल खातं, साडेचार इंची विटांची भिंत त्याहून थोडं जास्त. पाच-सहा इंचांचा स्लॅब, त्यावरचा थर आणि टाइल, खालचं प्लास्टर असं सगळं धरलं तर दहा ते वीस डेसिबल सहज जातात. एका स्लॅबला पंधरा धरले तर तळमजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत तीस झाले, म्हणजे हजारावा भाग उरला. आणि हा हिशेब अंतरानं होणारी घट न धरता.

दोष सगळे सळयांना देतात. तो पुरता खरा नाही. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर, ५ गिगाहर्ट्झची पाच-सहा. स्लॅबच्या सळया साधारण पंधरा सेंटिमीटरवर बांधलेल्या असतात, त्यांच्यामधून लहरींना वाट असते. बीममध्ये आणि कॉलममध्ये सळया दाट, तिथे वाट अवघड होते हे खरं. पण स्लॅबमध्ये शक्ती खाणारा मुख्य ऐवज म्हणजे काँक्रीट स्वतः आणि त्यातला ओलावा. त्यामुळे नव्या घराचा ओला स्लॅब जास्त खातो. गच्चीला गळती असेल तर तेही बिनतारी जाळ्याला कळतं. हल्ली स्लॅबखाली जिप्समचं खोटं छत करतात. जिप्समचं काही नाही, पण त्याला आधार देणाऱ्या पत्र्याच्या पट्ट्या आणि वर खोचलेले दिव्यांचे डबे आपला वाटा उचलतातच.

महाराष्ट्रातली घरं या बाबतीत एकसारखी नाहीत, आणि परदेशी पुस्तकं इथे उपयोगी पडत नाहीत त्याचं कारण हेच. अमेरिकेतलं सामान्य घर लाकडी चौकटीचं, जिप्समच्या पातळ भिंतींचं. तिथल्या कंपन्या खोक्यावर जे ‘इतके चौरस फूट’ छापतात ते तशा घरासाठी असतं. पुण्या-साताऱ्याकडच्या जुन्या वाड्यात मजल्यांमध्ये लाकडी तुळया आणि तक्तपोशी. वर जायला लहरींना त्या मानानं सोपं, पण आडवं जायचं तर दगड-विटांच्या दीड-दोन फुटी भिंती. आरसीसी बंगल्यात नेमकं उलट : आडवं बरं, उभं कठीण. कोकणात जांभ्याचा चिरा सच्छिद्र, पावसात ओल धरणारा. तिथे मे महिन्यात केलेली मोजणी ऑगस्टमध्ये तशीच लागू पडेल असं धरून चालू नये. तेव्हा कुणाच्या पुतण्यानं नागपुरात कोणता राउटर घेतला हे विचारण्याआधी आपल्या मजल्यामध्ये काय आहे ते विचारावं.

राउटरच्या दांड्यांविषयी इथेच सांगून टाकतो, कारण एवढी फुकटची दुरुस्ती दुसरी नाही. उभ्या दांडीतून लहरी सगळीकडे सारख्या जात नाहीत. त्यांचा आकार मेदूवड्यासारखा असतो : दांडी भोकात उभी आणि लहरी तिच्याभोवती आडव्या पसरलेल्या. भोकाच्या रेषेत, म्हणजे दांडीच्या थेट डोक्यावर आणि थेट पायाशी, फारच थोडं जातं. म्हणून अनेक घरांत राउटरच्या बरोबर वरची खोली सगळ्यात वाईट निघते आणि घरमालक चक्रावतो, की अंतर तर सर्वांत कमी! भिंतींवरून परतलेल्या लहरी थोडी भरपाई करतात, पण त्यांच्यावर विसंबून कशाला राहायचं? दोन दांड्यांपैकी एक आडवी करावी. तिचा वडा उभा होतो आणि वरच्या मजल्याला त्याची कड मिळते. दुकानात आणि जाहिरातीत दांड्या नेहमी सगळ्या उभ्याच दिसतात. फोटोला बरं दिसतं म्हणून.

जागेचंही असंच. जिन्याची मोकळी पोकळी म्हणजे स्लॅबमधली आयती वाट. राउटर जिन्यासमोर, छातीच्या उंचीवर ठेवला तर वरच्या पॅसेजपर्यंत लहरी काँक्रीटला न शिवता पोचतात. जिन्याखाली ठेवला तर मात्र डोक्यावर जिन्याचाच स्लॅब आणि बाजूला बहुधा इन्व्हर्टर. लोखंडी कपाट, फ्रिज, माशांची टाकी, भिंतभर आरसा (काचेचं काही नाही, तिच्या पाठीवरचा धातूचा मुलामा नडतो) यांच्यामागे ठेवू नये. टीव्हीच्या शोकेसमध्ये दार लावून तर नकोच. राउटर दिसायला वाईट दिसतो हे मला मान्य आहे.

इतकं करूनही वर पोचलं नाही तर बाजारात चार मार्ग मिळतात, आणि त्यांच्याविषयीची माझी मतं या पुस्तिकेत लपवलेली नाहीत.

सॉकेटमध्ये खोचायचा रिपीटर सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त निराशा करणारा. साधा रिपीटर एकाच रेडिओनं ऐकतो आणि त्यानंच पुन्हा बोलतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. त्यातही लोक तो नेमका तिथे लावतात जिथे लहरी पोचत नाहीत, म्हणजे वरच्या खोलीत. तिथे त्याला जे क्षीण ऐकू येतं तेच तो जोरात सांगतो. लावायचाच तर जिन्याच्या मधल्या टप्प्यावर लावावा, जिथे खालचं अजून बरं ऐकू येतं. मेश नावानं मिळणारे दोन-तीन डबे पुष्कळ चांगले. त्यांतल्या महागड्या संचांत आपापसात बोलायला वेगळा रेडिओ असतो. पण त्यालाही स्लॅब चुकत नाही. तो फक्त जास्त हुशारीनं ओलांडला जातो. तिसरा मार्ग विजेच्या वायरिंगमधूनच संदेश नेण्याचा. तो कधी झकास चालतो आणि कधी मुळीच चालत नाही, कारण आपल्याकडे दुमजली घरात खालचा मजला एका फेजवर आणि वरचा दुसऱ्या फेजवर, किंवा दोन मजल्यांना दोन मीटर, असं सर्रास असतं. घेण्याआधी वायरमनला विचारावं, आणि तो अडॅप्टर थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावावा. सर्जपासून रक्षण करणारे एक्स्टेन्शन बोर्ड हेच संदेश कचरा समजून गाळून टाकतात.

चौथा मार्ग तारेचा, आणि या पुस्तिकेचं म्हणणं विचाराल तर तेच आहे : मजल्यांमधून तार, मजल्यावर हवा. बिनतारी जाळं उभारायचं असेल तर दोन मजल्यांना जोडणारी एक तार ओढा आणि मग प्रत्येक मजल्यावर हवेचं काम हवेला करू द्या. एका मजल्यावर, दोन-तीन विटांच्या भिंतींमध्ये, बिनतारी लहरी उत्तम काम करतात. स्लॅब ओलांडायचं काम त्यांना सांगू नका. ज्या घरात ही एक तार आहे तिथे साधा, जुना, कोपऱ्यात पडलेला राउटरसुद्धा वरच्या मजल्यावर नीट चालतो. ज्या घरात ती नाही तिथे कितीही महागडा संच आणला तरी काहीतरी उणं राहतं.

तारेबद्दल बारकावे तिसऱ्या प्रकरणात सविस्तर आहेत, पण दोन-तीन इथे सांगण्याजोगे. तार कॅट ६ घ्यावी. कॅट ५ई असली तरी १०० मीटरपर्यंत १ जीबीपीएस नेते, आणि आपल्या घरात १०० मीटर कुठून येणार? आतली तार शुद्ध तांब्याची हवी. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची तार निम्म्या किमतीत मिळते, दिसायला तशीच असते आणि टोकं बसवताना तुटते. तारेत आठ धागे असतात, चार जोड्या. १ जीबीपीएससाठी आठही लागतात, १०० एमबीपीएससाठी चारच पुरतात. त्यामुळे टोक बसवताना उरलेल्या चारांपैकी एखादा धागा नीट लागला नाही तर जाळं बंद पडत नाही; मुकाट्यानं १००वर उतरतं. कुणाला पत्ता लागत नाही, सगळं ‘चालतं’. तार ओढून झाल्यावर संगणकात जोडणीचा वेग किती दाखवतो ते वायरमनच्या समोरच पाहावं आणि मगच त्याचे पैसे द्यावेत. विजेच्या २३० व्होल्टच्या वायरींच्या पाइपमधून ही तार कधीही नेऊ नये.

ज्यांचं बांधकाम चालू आहे त्यांच्यासाठी तर हे काम जवळजवळ फुकट आहे. स्लॅब भरण्याआधी वायरमन पंख्यांचे डबे आणि पाइप सळयांत बांधून जातो. त्याच वेळी जिन्याजवळ खालून वर जाणारा एक रिकामा पाइप जास्तीचा टाकून घ्यायचा आणि आत ओढतार ठेवायची. खर्च एका पाइपचा. घर बांधून झालेलं असेल तर डक्टमधून, नळाच्या पाइपांच्या कडेनं, बाहेरच्या भिंतीवरून अशा वाटा असतात. बाहेरून नेताना उन्हात टिकणाऱ्या काळ्या वेष्टणाची तार घ्यावी. अंगणापलीकडे वेगळी इमारत असेल, ऑफिस किंवा गोठ्यावरची खोली, तर तिथे तांब्याऐवजी फायबर न्यावी. वळवाच्या विजा तांब्याच्या तारेवरून दोन्हीकडची उपकरणं जाळू शकतात; काचेच्या तंतूतून वीज वाहत नाही.

तार वर पोचली, दुसरा राउटर लावला, मोबाइलवर व्हिडिओ चालला, की सगळे समजतात काम झालं. इथून पुढे जी चूक होते तिच्यावर मी एक अख्खं प्रकरण खर्च केलं आहे. १९९६मध्ये ठरलेल्या नियमांनुसार काही आकडी पत्ते घराघरांतल्या खासगी वापरासाठी राखून ठेवलेले आहेत, १९२.१६८नं सुरू होणारे पत्ते त्यांतलेच. तुमच्या संगणकाचा जो पत्ता तोच लातूरच्या एखाद्या घरातल्या संगणकाचा असू शकतो, आणि त्यानं काही बिघडत नाही, कारण ते पत्ते घराबाहेर पडत नाहीत. हे पत्ते वाटायचं काम राउटर करतो. आता वर दुसरा राउटर आणला आणि खालून आलेली तार त्याच्या ‘वॅन’ लिहिलेल्या खाचेत खोचली, तर तो वरच्या मजल्याला स्वतःचे वेगळे पत्ते वाटू लागतो. एका घरात दोन जाळी झाली. इंटरनेट दोन्हीकडे छान. पण वरच्या संगणकाला खालचा प्रिंटर सापडत नाही आणि खालून वरच्या फाइली उघडत नाहीत. मग प्रिंटर बदलला जातो, संगणक फॉरमॅट होतो. खरं तर वरच्या राउटरला ‘अॅक्सेस पॉइंट’ या अवस्थेत टाकायचं असतं. ती सोय नसेल तर त्याचं पत्ते वाटणं बंद करायचं, त्याचा स्वतःचा पत्ता खालच्यापेक्षा वेगळा ठेवायचा आणि तार ‘लॅन’च्या खाचेत लावायची. घरात पत्ते वाटणारा एकच असावा.

पत्ते जुळूनही संगणक एकमेकांना दिसत नसतील तर दोन जागा तपासाव्यात. पाहुण्यांसाठीचं म्हणून जे ‘गेस्ट’ जाळं असतं ते मुद्दाम एकमेकांना लपवतं. त्यावर जोडलेला घरचा संगणक पाहुणाच समजला जातो. आणि विंडोज नवं जाळं दिसलं की ते सार्वजनिक आहे की खासगी असं ठरवतं. सार्वजनिक ठरवलं की रेल्वे स्टेशनवर बसल्यासारखा तो संगणक गप्प होतो, कुणाला आपलं अस्तित्व कळू देत नाही. बदल करायला एक टिचकी पुरते. ती कुठे, ते चित्रासह दिलं आहे.

दोन्ही मजल्यांना जाळ्याचं नाव आणि पासवर्ड एकच ठेवावा, वाहिन्या मात्र वेगळ्या. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकींवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच धरायच्या, १, ६ आणि ११; खाली १ असेल तर वर ६ किंवा ११. नाहीतर आपलेच दोन मजले एकमेकांची पाळी संपायची वाट बघत बसतात. कोणत्या मजल्याला चिकटायचं हे फोन ठरवतो, राउटर नव्हे, आणि काही फोन खालच्या राउटरला इतके धरून बसतात की वरचा शेजारी असूनही तिकडे बघत नाहीत. अशा क्षीण जोडणीवरचा एक फोन सगळ्या घराला नडतो. तो संथपणे बोलतो, तेवढा वेळ त्या वाहिनीवरच्या बाकी सगळ्यांना गप्प बसावं लागतं. यावर जास्त ताकदीचा राउटर हे उत्तर नाही. राउटरचा आवाज फोनपर्यंत पोचला तरी फोनचा बारीक आवाज राउटरपर्यंत परत पोचायला हवा ना? पडद्यावर चार रेघा भरलेल्या आणि पान उघडत नाही, हे बहुतेक वेळा यातूनच घडतं.

सुरक्षेविषयी थोडक्यात. जुलै २००८मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या वेळी पाठवलेल्या ईमेलचा माग काढत पोलीस नवी मुंबईतल्या एका सदनिकेत पोचले. तिथल्या रहिवाशाचं बिनतारी जाळं उघडं होतं आणि त्याचा वापर दुसऱ्याच कुणी केला होता. त्यानंतर महाराष्ट्रात तरी पासवर्ड का लावायचा हे समजावून सांगावं लागू नये. डब्ल्यूईपी ही जुनी पद्धत २००१पासूनच फोडता येते. डब्ल्यूपीए२ किंवा २०१८मध्ये आलेली डब्ल्यूपीए३ ठेवावी. डब्ल्यूपीएस ही पिननं जोडायची सोय बंद करावी : आठ आकडी पिन दोन तुकड्यांत तपासली जाते हे २०११मध्ये उघड झालं आणि कोट्यवधी प्रयत्नांचं काम सुमारे अकरा हजारांवर आलं. राउटरच्या आत शिरायचा पासवर्डही बदलावा. तो पुष्कळ घरांत अजून ‘अॅडमिन’ असतो.

वीज गेली की काय, याचा विचार दुमजली घरात दोनदा करावा लागतो. खालच्या राउटरला छोटा १२ व्होल्टचा यूपीएस लावलेला असतो. वरचा राउटर विसरला जातो. फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही आधार हवा. तिघांपैकी एक बंद असला तरी वर काही पोचत नाही.

कोणत्या कंपनीचा कोणता राउटर घ्यावा हे या पुस्तिकेत कुठेही सापडणार नाही. मॉडेलं वर्षभरात बदलतात. काय तपासून घ्यावं ते मात्र आहे : खाचा १ जीबीपीएसच्या आहेत की १००च्या (अजूनही १००च्या विकल्या जातात, आणि खोक्यावर बाराशे लिहिलेलं असतं), अॅक्सेस पॉइंटची सोय आहे का, पासवर्डची नवी पद्धत चालते का. मोजणी दोन वेगळ्या प्रकारांनी करायला शिकवलं आहे, एक घरातल्या घरात आणि एक बाहेरच्या जगाशी, म्हणजे दोष कुठे आहे हे केबलवाल्याला फोन करण्याआधी कळेल. वायरमननं वाचावं असं तिसरं प्रकरण त्याच्या शब्दांत लिहायचा प्रयत्न केला आहे. ते फोटो काढून त्याला पाठवलं तरी चालेल.

सुरुवात करताना एक कागद घ्या. घराचा नकाशा सगळे काढतात, तो इथे फार कामाचा नाही. घर वरून खाली कापल्यावर जसं दिसेल तसा उभा छेद काढा : मजले, जिना, डक्ट, बीम कुठे येतात, मीटर कुठे आहे, फायबर कुठून शिरते, कोण कुठे बसून काम करतं. पहिल्या प्रकरणात याच कागदावर रेघा मारायच्या आहेत. बांधकाम चालू असणाऱ्यांनी दुसरं प्रकरण सोडून थेट तिसऱ्यावर जावं, आणि तेही स्लॅबची तारीख ठरण्याआधी. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांसाठी शेवटचं प्रकरण वेगळं लिहिलं आहे; त्यात भिंतीला एकही भोक पाडायचं नाही.